आईच्या बिल्ल्यावर फोकस

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं! आज पप्पांच्या जुन्या रीलवाल्या कॅमेऱ्यात बॅटरी टाकली, बटण अर्धं दाबलं आणि तो चक्क 'पीप पीप' बोलला!

एका सेकंदात मी सात वर्षांची. ऐरोलीतलं आमचं अंगण, आईचा बस कंडक्टर म्हणून पहिला दिवस. रीलमध्ये एकच फोटो उरलेला. पण फोटोच्या मधोमध आईचा प्लेन खाकी ड्रेस येत होता आणि त्यावर ऑटोफोकसला काही सापडेचना. लेन्स नुसती पुढेमागे घरघरत होती, फोटो निघतच नव्हता.

"अवो, आटपा! मीच नाय गेली तर बस कशी सुटंल?" आई ओरडली.

मी म्हटलं, "पप्पा, बिल्ल्यावर धरा ना!"

पप्पांनी कॅमेऱ्यात दिसणारा मधला चौकोन आईच्या छातीवरच्या चकचकीत बिल्ल्यावर धरला. पीप पीप! अर्धं बटण तसंच दाबून आई पूर्ण मावेल असा कॅमेरा सरकवला आणि खटॅक!

कित्येक वर्षं मी 'आयडिया माझी' म्हणून मिरवले. आज तोच फोटो बघितला, तर आईची मान काय ताठ आहे यार! आमच्या खानदानातली नोकरीला लागलेली पहिली बाई!

तुमच्याकडे आहे का असा फोटो, ज्यात आधी स्वतःचीच हुशारी दिसायची आणि आता फक्त आई दिसते?