धाकटीच्या जनावराची पाठवणी

जुन्या गेममधलं जनावर नव्या गेममध्ये न्यायचं तर रस्ता एकेरी. गेलं की परत येत नाही. शिवाय ते थेटही जात नाही. आधी इंटरनेटवरच्या कोठारात चढवायचं, मग तिथून नव्या यंत्रात उतरवायचं. ही जुन्या यंत्राची सोय कधीही बंद होईल असं जो तो सांगत होता, आणि माझ्या जिवाला घोर लागला होता. कारण जनावर माझं नव्हतं, धाकट्या बहिणीचं होतं.

तिला सिकलसेल आहे. आमच्या कुरखेड्याकडे या आजाराचं नाव पोराटोरांनाही माहीत असतं, पण आपल्या घरात कोणी कण्हायला लागलं की काही सुचत नाही. अंग दुखू लागलं की तिची शाळा बुडायची, आणि मामेभावाने दिलेलं गेम खेळायचं जुनं यंत्र घेऊन ती पडून राहायची. बेडकासारखं एक हिरवं जनावर तिने त्यात अंड्यातून वाढवलं. दुखणं सोसेना की त्याला लढायला काढायची. “तुह्यापेक्षा तेच जास्त शिकलं,” म्हणून मी चिडवायचो, मग उशी अंगावर यायची.

या आजाराने तिचा खुबा झिजला, यंदा त्याचं ऑपरेशन ठरलं. बाबा तिला नागपूरला घेऊन गेले आणि तिथून तिचे फोन सुरू झाले. “दादा, मले आत नेण्याआधी पाठव नं त्याले. माहं मन लागून नाई राह्यलं.”

दुपारी तिचं जुनं आणि तिच्यासाठी घेतलेलं नवं, अशी दोन्ही यंत्रं मांडून बसलो. ‘पाठवत आहे, बंद करू नका’ एवढंच पडद्यावर. मी उगाच उठत होतो, बसत होतो. आई अंगणात वाळत घातलेली मोहफुलं टोपलीत भरत होती. आभाळ गडगडलं तशी ती टोपली टाकून आत आली आणि घरातले प्लग उपटत सुटली. एकदा वीज पडून टीव्ही जळला, तेव्हापासून ती असंच करते. मी “थांब, थांब” म्हणेपर्यंत वायफायचा डबाही बंद.

जुन्या यंत्रात पाहिलं, जनावर नाही. नव्यात तर नव्हतंच. माझं डोकंच फिरलं.

“काऊन काढलं? इचारायचं तरी!”

“घर जळलं असतं तं मंग? खेळणं मोठं हाय का?”

“खेळणं नाई ते! अंथरुणात पडून पडून वाढवलं तिनं त्याले. ऑपरेशनच्या आधी पोचलं का म्हणून वाट पाहून राह्यली.”

बाहेर कडाडलं. तशीच आई पुढे झाली, तिनेच डब्याचा प्लग खोचला, बटण दाबलं आणि बोर्डाजवळ उभी राहिली. मी बाजूला हो म्हटलं. “तू तुहं काम कर,” म्हणाली. मोहफुलं भिजत होती, तिकडे तिने पाहिलं नाही. दर कडकडाटाला डोळे घट्ट मिटायची, पण हलली नाही.

डब्याचा दिवा हिरवा झाला. कोठार उघडलं. जनावर तिथेच होतं. ते नव्या यंत्रात उतरवून घेतलं.

बहिणीला फोन लावला, तर आईने माझ्या हातातून घेतला.

“पोचलं तुहं जनावर,” ती म्हणाली. “आता तू ये.”