चाकांवरचं वर्कशॉप

सेवानिवृत्तीच्या दुसऱ्याच सकाळी मी मागच्या अंगणातली पत्र्याची शेड रिकामी करायला घेतली. आमचे हे चहाचा कप घेऊन दारात आले आणि म्हणाले, "अगं, आता हे काय नवीन?"

नवीन काहीच नव्हतं. नोकरीभर मी एका सरकारी ऑफिसात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढली. बुश, कप्प्या, गिअर, सगळं कागदावर. स्वतःच्या हातानं एक साधी पिनसुद्धा कधी कापली नाही. जन्मभर पाककृती लिहायच्या आणि गॅस म्हणून पेटवायचा नाही, असला तो प्रकार. आता मला लोखंड कापायचं होतं, सागाला रंधा मारायचा होता, कपडे काळे करायचे होते. नुसत्या विचारानं माझ्या अंगात विशीचा उत्साह संचारला होता.

परवानगी मिळाली, पण अटीवर. मुलगा पुण्यात असतो. वर्ष-दोन वर्षांत कोलार रोडचं हे घर विकायचं आणि त्याच्याजवळ राहायला जायचं, असं ह्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. "तुला जे करायचं ते कर," हे म्हणाले, "पण फिट काही करू नको. निघताना झंझट नको."

मला ही अट अटच वाटली नाही. आम्ही दोघंही क्वार्टरवाले. माझे आजोबा ऑफिसाबरोबर नागपूरहून इकडे हिंदी मुलखात आले, ह्यांचेही तसेच, आणि आम्ही इथल्याच शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरांत वाढलो. भिंत सरकारची. खिळा ठोकायचा तो घाबरत घाबरत, आणि घर सोडताना उपटून त्या भोकात टूथपेस्ट भरायची, म्हणजे तपासायला येणाऱ्या साहेबाला दिसू नये. सामान ट्रंकांत, ट्रंका विटांवर. उचललं की चाललो.

माझं वर्कशॉपही मी तसंच उभं केलं. पाडलेल्या एका घराच्या सागवानी चौकटी मिळवल्या, सुताराला हाताशी धरून त्यांचं कामाचं भक्कम बाक बनवलं आणि त्याला खाली चाकं लावली. ड्रिल मशीनच्या टेबलालाही चाकं. हत्यारांचा फळा भिंतीला नुसता टेकवलेला. कानशी आणि पटाश्या ट्रंकेत. रोज सकाळी आंघोळीच्याही आधी मी शेडमध्ये जायची आणि एकेका वस्तूला हात लावून यायची. रंध्यातून सागाची पहिली लांब, कुरळी ढलपी निघाली, तेव्हा मी ती घेऊन धावतच घरात गेले. हे म्हणाले, "हं, छान," आणि पुन्हा पेपरात शिरले. अरसिक माणूस.

मग आलं लोखंड गरगर फिरवून कापणारं जुनं लेथ मशीन. टेम्पोवाल्यानं ते उतरवताना विचारलं, "आंटीजी, इसमें बनेगा क्या?" मी म्हटलं, "सब कुछ." त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि दोर सोडला.

लेथसाठी मी लोखंडी अँगलचं स्टँड बनवून घेतलं होतं. त्यालाही चाकं, आणि चाकांना ब्रेक. बिडाचा एक ओबडधोबड तुकडा पकडीत आवळला, चष्मा चढवला आणि बटण दाबलं. मशीन घरघरलं, थरथरलं आणि चालू लागलं. म्हणजे खरोखरच चालू लागलं, ब्रेकबिक लावलेल्या चाकांसकट, दाराच्या दिशेनं. मी मागे मागे, ते पुढे पुढे. शेवटी वायर ताणली जाऊन प्लग निघाला तेव्हा ते थांबलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे पाहत होते. म्हणाले, "अगं, हे तर तुझ्याआधी पुण्याला निघालं."

मी हसले, पोट दुखेपर्यंत हसले, आणि मग स्वतःचाच भयंकर राग आला. लेथला पाया लागतो. जमीन फोडून काँक्रीट भरायचं आणि त्यात बोल्ट गाडायचे. त्या बोल्टांची ड्रॉइंग मी नोकरीत असंख्य वेळा काढली होती. आणि स्वतःच्या मशीनला चाकं लावून बसले होते, कारण पायाखालची जमीन आपली आहे हे क्वार्टरवाल्याच्या डोक्यात शिरतच नाही.

जेवताना मी सांगून टाकलं, "मला पुण्याला जायचं नाही."

तोंडातून निघाल्यावर कळलं की हे कधीपासूनच खरं होतं. मुलावर माझा जीव आहे. पण त्याच्या सातव्या मजल्यावर मी करू काय? ह्यांनी वरणभात संपवला, पिशवी घेतली आणि बिट्टन मार्केटला निघून गेले. राग आला की हे भाजी आणतात. त्या दिवशी एवढी आणली की फ्रिजचं दार लागेना.

पुढचे काही दिवस घरात कामापुरतं बोलणं. मी जमिनीला हात लावला नाही. घर दोघांचं होतं, दोघांचा मुक्काम एकटीनं इथं पक्का करायचा मला हक्क नव्हता. हे नाही म्हणाले असते तर लेथ विकून मी पुण्याला गेले असते, आणि तिथं आयुष्यभर कुढले असते. पण खुणा करायला काय जातंय, असं म्हणून एका सकाळी मी शेडमध्ये खिडकीखाली बोल्टांच्या जागा खडूनं आखल्या. मान वर केली तर हे शेजारी उभे.

"हे बोल्ट नंतर निघतात?"

"नाही. एकदा काँक्रीट बसलं की फोडावंच लागतं."

हे गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि त्या खुणा बोटानं मोजू लागले.

"पोराला मी सांगतो फोन करून," हे म्हणाले. "पण मशीन एवढं खिडकीला चिकटवू नको. तिथं माझी खुर्ची लागेल. तू दिवसभर इथं असणार, मग मी आत एकटा काय करू?"

मी खुणा पुसल्या. नवं माप घेताना टेपचं दुसरं टोक मी त्यांनाच धरायला लावलं.