रुमाल टाकून धरलेली जागा

"आधी रुमाल टाका, मग घाबरा!"

हे आमच्या कॉलेजातल्या एका सरांचं ठरलेलं वाक्य. मुलांशी ते इंग्रजीतून बोलायचे, पण सूर थेट आपल्या एसटी स्टँडवरचा. गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, ही आपली रीत तुम्हाला ठाऊक आहेच. या गृहस्थांनी ती टेक्सासमध्ये नेली आणि तीही थेट विद्यापीठात.

ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि ह्यूस्टनमधल्या कंपन्यांनी इंजिनिअर घरी बसवले. त्यांत हे नागपूरकरही होते. आमच्या कम्युनिटी कॉलेजात ते फिजिक्स शिकवायला आले. मी तिथे आधीपासून गणित शिकवत होते. आमची मुलं बहुतेक मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय कुटुंबांतली, दिवसभर कुठेतरी राबून संध्याकाळी वर्गात येणारी. आमच्याकडे दोन वर्षं शिकून पुढे विद्यापीठात इंजिनिअरिंगला जाता येत असे. जाता येत असे, पण फारसं कोणी जात नसे.

खरं सांगते, शिकवण्यात ते माझ्या पासंगालाही पुरले नसते. फळ्यावर नुसती गिचमिड, आणि विषय सोडून गाडी कधी नागपूरच्या उन्हाळ्यावर जाईल याचा नेम नाही. तरी गर्दी त्यांच्याच खोलीत. हसण्याचे आवाज भिंतीपलीकडून माझ्याकडे यायचे. मुलं माझ्याकडे येत, शंका विचारत, थँक यू म्हणत आणि शेजारी जाऊन बसत. मी जळत असे. रोज जेवताना नवऱ्याला त्यांच्या चुका वाढत असे.

शुक्रवारी ते आपल्या जुन्या स्टेशन वॅगनमध्ये मुलं कोंबायचे. बाहेर ह्यूस्टनचा दमट उकाडा, गाडीचा एसी बंद. विद्यापीठातल्या प्राध्यापकांची परवानगी त्यांनी आधीच काढलेली असे. मोठ्या लेक्चर हॉलमध्ये मुलांनी रुमाल टाकून जागा धरायची, अख्खा तास ऐकायचा, मग कँटीनमध्ये तिथल्याच मुलांसारखं आरामात जेवायचं.

"बुद्धी आहे हो पोरांकडे, बाई. त्या जागेची सवय नाही," ते म्हणायचे.

"सवयीने इंटिग्रेशन येत नाही."

"त्याले तुम्ही आहात नं!" असं म्हणून मोठ्याने हसायचे. ते हसणं मला आवडायचं, आणि म्हणून जास्तच राग यायचा.

आणि मग माझी मार्ता. माझी म्हणते, कारण अपूर्णांकात अडखळणाऱ्या या मुलीला मी कॅल्क्युलसपर्यंत आणलं होतं. बेकरीत काम करून यायची, केसांना साखरेचा वास. तिच्या घरातलं कोणी विद्यापीठाची पायरी चढलेलं नव्हतं. अर्ज करायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "मिस, ते माझ्यासारख्यांसाठी नाही. मी एखादी नोकरी बघते." मी तिला तिचेच मार्क दाखवले, रागावले, लाडीगोडी लावली. ती मान डोलवत राहिली, पण अर्ज काही करेना. मला अन्न गोड लागेना.

त्या शुक्रवारी ते तिला घेऊन गेले. सोमवारी ती माझ्याकडे आली ती फुललेल्या चेहऱ्यानेच.

"मिस, एक मुलगा आला, म्हणाला ही माझी नेहमीची जागा. मी उठायलाच लागले होते. तर मागून सर म्हणाले, 'रुमाल कोणाचा?' मी म्हटलं, माझा. आणि बसूनच राहिले!"

त्याच आठवड्यात तिने अर्ज केला. मी तिला शाबास म्हटलं आणि घरी येऊन पोळ्या करपवल्या.

तिला उत्तर येण्याआधीच ते कॉलेज सोडून गेले. दूर प्लेनो गावातल्या एका कंपनीत त्यांना पुन्हा इंजिनिअरची नोकरी मिळाली. निघताना म्हणाले, "बाई, मार्ताकडे लक्ष असू द्या." जसं काही ती त्यांनीच माझ्याकडे ठेवायला दिली होती!

मग एका दुपारी कॉरिडॉरमध्ये पळत येणारी पावलं ऐकली. मार्ताचीच. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. ती माझ्या उघड्या दारावरून पुढे गेली आणि त्यांच्या बंद दाराशी थांबली. तिथे आता कोणी नाही, हे बहुधा तेव्हा तिच्या लक्षात आलं. मागे वळून माझ्याकडे आली.

"मिस, मिळाली! इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली! सरांचा नंबर आहे का?"

होता. पाठ होता. माझ्या टेबलावरच्या फोनवरून मीच फिरवला. ती रडत होती, हसत होती, एकाच वेळी सगळं सांगत होती, आणि मी पेपर तपासण्याचं नाटक करत होते. मग तिने रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

"काय बाई," तिकडून तोच आवाज, "पोहोचली नं आपली पोरगी!"

आपली.

"पोहोचली," एवढंच म्हटलं.

ते वारले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. निम्मी मार्ता त्यांनी मला देऊन टाकली. उरलेल्या निम्मीसाठी मी अजूनही त्यांच्यावर जळते, आणि भांडायला समोर ते नाहीत.