तुळशीखाली वतलेलं पानी

मानसिंग हवालदारानं भनीला मिरजंला नेऊन वाचवलं, आसं आमच्या गावात कुनीबी सांगल. कारन म्याच त्ये समद्यास्नी सांगितलंय. सातवी शिकलो, पलटनीत चौदा वरसं काढली, आन् चावडीम्होरं दगडी जोत्याचं माडीचं घर बांदलं. आसं घर कडेगावात दुसरं दाखवा. पर बनूची गोष्ट म्या आजवर अर्धीच सांगत आलोय.

बनुबाई माझी धाकटी भन. नवरा गेल्यावर माह्यारी आली. उसाची मोळी बांदावी तर तिनंच; गाडीतनं पडली तरी सुटायची न्हाई. तोंडानं फटकळ. गडीमानूस बांदावर टेकलेला दिसला की म्हनायची, "उठा की, बुडाला मुळ्या फुटतील!"

चौऱ्याहत्तर साली तिच्या मानंला आन् काखंत गाठी आल्या. मिरजंच्या डाक्टरांनी एक गाठ काढून तपासली. म्हनले, क्यानसर हाय, पर औषध बी हाय. पांढऱ्या गोळ्या दिल्या आन् मला सामने बसवलं.

"गोळी सकाळीच घ्यायची. चावायची नाही, फोडायची नाही. मळमळेल, केस जातील. केस परत येतात. रक्त कमी होतं, म्हणून दर आठवड्याला तपासायला यायचं. ताप आला तर वाट बघत बसायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दिवसभर भरपूर पाणी प्यायचं, लघवी तुंबवायची नाही. ही गोळी लघवीच्या पिशवीला आतून जाळते."

"सायेब, म्या पलटनीतला मानूस. हुकूम म्हंजे हुकूम!"

बनूच्या उशाला तांब्याची घागर ठेवली. दर तासाला तांब्या भरून द्यायचो, माघारी रिकामा यायचा. महिन्यात गाठी तुरीच्या दान्याएवढ्या झाल्या. केस गेलं, तर पदर घेऊन म्हनती, "बरं झालं आण्णा, त्याल वाचलं. उवांस्नी मातर दुसरं घर बघाय लागलं." दारातली तुळस त्या दिसांत कमरंएवढी झाली. चावडीत म्हनलो, "आमच्या हिरीचं पानीच तसं हाय गड्या!"

मग एक दिस माझी मंडळी, राहीबाई, जोत्यावर आली. "आवं, वन्संला लाल हुतंय."

"काय लाल?"

"लघवीला. चार दिस झालं. तुमास्नी सांगू नगं म्हनल्या."

तसंच एस्टीनं मिरज गाठलं. डाक्टरांनी इचारलं, "पाणी किती पीत होती?"

"घागरभर! म्या सोता..."

"तुम्हाला नाही विचारलं."

बनू खाली बघून म्हनली, "प्याले न्हाई. तुळशीखाली वतलं."

"का?"

"जायाचं कुटं? गावाभायर पानंदीला बायकांनी जायाचं पाटंचं, न्हाईतर दिवस बुडल्यावर. मोरीत बसावं तर मोरीचं पानी चावडीम्होरनं व्हातंय. घरात तसा हुकूम हाय."

हुकूम माझाच. घरभरणीच्या दिशीच म्या बायकांस्नी बजावलं हुतं, की आमच्या घरची बाई उजेडी पानंदीला दिसली न्हाई पायजे, आन् मोरीतनं घान चावडीम्होरं आली न्हाई पायजे.

डाक्टर माझ्याकडं वळले. "दर खेपेला एवढं घराचं सांगत होता, संडास नाही?"

बनूच बोलली, "माडी हाय की, डाक्टर." टोमना मारला का माझी बाजू घेतली, अजून कळलं न्हाई.

आठ दिस नळी घालून पिशवी धुतली. निघताना डाक्टर म्हनले, "ही गोळी आता हिला परत देता येणार नाही. लागू पडत होती. दुसरी देतो, बघू. पाणी मात्र तेवढंच लागेल."

लागू पडत हुती. एस्टीत कडेगावपतोर त्येवढंच कानात वाजत हुतं.

घराच्या माघारी जागा न्हवती, माडीच्या जिन्यात गेलेली. म्हनून पहार घिऊन चावडीकडचं अर्धं जोतं म्याच फोडलं. शेजारचा जोतिबा हासाय लागला. "हवालदार, बैठक फोडून संडास? आन् चावडीम्होरं?" आदीचा मी आसतो तर त्येची गचांडी धरली आसती. "व्हय," म्हनलं, "हितंच."

दार बसवलं त्या दिशी बनूला तांब्या दिला आन् ऱ्हायलेल्या अर्ध्या जोत्यावर जाऊन बसलो. चार मानसं बसलेली. ऊन डोईवर. बनू पदर सावरत आली, समद्यांच्या म्होरनं गेली आन् दार वडून घेतलं. मानसं माझ्याकडं बघाय लागली. म्या तुळशीकडं बघत ऱ्हायलो.

दुसऱ्या गोळीनं गाठी गेल्या न्हाईत, थांबल्या. चार वरसं झाली, बनू हाय. पर पिशवी जळाली ती जळालीच. आत गेली की भित्ताला हात लावून थांबती, दात खाती, कण्हती. दार माझ्या बैठकीपासनं तीन हातांवर हाय. मला समदं आयकू येतंय. पावनं आलं तरी म्या तितनं उठत न्हाई.