काकांची कोरियन साठी

कोरियन माणसाचं एका प्रकारच्या आकड्यांवर भागत नाही. त्यांच्याकडे दोन संच: एक घरचा, हाना-दुल-सेत, दुसरा चीनकडून आलेला, इल-ई-साम. तीन वाजून तीन मिनिटं झाली असतील, तर वाजतात घरच्या आकड्यात आणि मिनिटं होतात चिनी आकड्यात. खोकी मोजायची घरच्या, पैसे चिनी. माणसाचं वय घरच्या, जन्मतारीख चिनी. नव्वदच्या दशकात मी दुबईच्या जबल अली बंदरात, जहाजांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कोरियन कंपनीत लागले, तेव्हा मॅनेजरच्या बायकोने मला हे सगळं शिकवलं, आणि शिकल्यावर मला शिंगं फुटायची ती फुटलीच. शारजात वाढलेल्या मला एकोणसत्तर म्हणजे नेमके किती, हे आईला विचारावं लागायचं. कोरियनमध्ये मात्र मी चुकत नसे. आईला याचं कौतुक कमी आणि संताप जास्त होता.

आमचं गोदाम राजापूरकडचे एक काका सांभाळायचे. त्यांची जन्मतारीख अर्थातच एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी पोराची उंची बघितली, दोन वर्षं वाढवली आणि एक जून लिहून मोकळे झाले. आता ते कागदावर साठीचे होत होते, खरे अठ्ठावन्नचे. साठीनंतर व्हिसा पुढे चालवायचा की नाही हे मॅनेजरच्या मर्जीवर होतं.

"तू बोल गो त्याच्याशी, त्याच्या भाषेत," काका म्हणाले. "मी बोललो तर तो नुसतं ओके ओके करतो. दोनच वर्षं हवीत. पोरगी फार्मसीला आहे. ती पास झाली की खलास, मी स्वतःहून जातो."

मी आरशासमोर तयारी केली. कागदावरचे साठ चिनी आकड्यात, कारण कागद हा कागदच. खरे अठ्ठावन्न घरच्या आकड्यात, कारण तिथे माणूस आला. वकिलानेही इतका विचार केला नसता.

मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं. पेन खाली ठेवलं. "तुझे आकडे फार सुंदर झालेत," तो म्हणाला.

मग त्याने मला समजावलं. त्याच्या गावात पूर्वी मूल जगतंय की नाही हे बघूनच नोंद करायचे, वर्षा-दोन वर्षांनी. त्याचे वडील कागदावर दोन वर्षं लहान होते. "जुना माणूस कागदापेक्षा मोठाच असतो," तो म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडे उलटं असतं. त्यावर तो समजूतदारपणे हसला. वय चोरणारी माणसं त्याने बरीच पाहिली असावीत. शिवाय त्यांच्याकडे मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात. त्यामुळे मी काकांना अठ्ठावन्नवर आणायला गेले आणि साठावर दोन, वर आणखी एक करत माझ्यादेखत ते त्रेसष्टला पोचले. मुलगी फार्मसीला आहे, दोन वर्षं राहिलीत, हे ऐकून तर त्याला फारच बरं वाटलं. म्हणजे म्हातारपणी औषधांची काळजी नको.

खरा घोळ पुढेच होता. कोरियात साठ वर्षं पूर्ण होणं म्हणजे केवढा तरी मान. अशा वडीलधाऱ्याकडून आपण खोकी उचलून घेतली, या विचाराने तो बिचारा कासावीस झाला. काकांना त्याने एकदाही म्हातारा म्हणून हिणवलं नाही. हिणवलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये मेजवानी झाली. फळांचे मनोरे रचले होते, तांदळाचे केक होते, केरळी अकाउंटंट टाळ्या वाजवत होता. मॅनेजरने काकांना मोठ्या खुर्चीत बसवलं आणि सगळ्यांसमोर कार्पेटवर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार केला. काका गडबडले. "अरे साब, उठो उठो," म्हणता म्हणता त्यांचा हात सवयीने त्याच्या डोक्यावर गेला आणि तोंडातून निघालं, "शतायुषी व्हा."

मग त्याने दोन्ही हातांनी एक पाकीट दिलं आणि छोटं भाषण केलं. ते मला मराठीत सांगायचं होतं. तुम्ही खूप ओझी वाहिलीत, आता मुलीने तुम्हाला सांभाळायचं, तुम्ही आराम करायचा. काकांनी पाकिटातलं तिकीट काढून उलटसुलट पाहिलं.

"रिटर्न नाही यात?"

मी नाही म्हणून मान हलवली. मॅनेजरचे डोळे भरून आले होते, आणि मला त्या चांगल्या माणसाचा भयंकर राग आला.

काकांनी तिकीट पाकिटात परत घातलं. माझ्याकडे झुकून, त्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "पोरीची दोन वर्षं राहिलीत, ते सांगितलंस ना त्याला?"

"सांगितलं, काका," मी म्हणाले. "अगदी बरोबर सांगितलं."