करवंट्यांचा धूर

करवंट्या जळल्याचा वास आला की मामाने परसात बनवलेले वाफेचे छोटे इंजिन आठवते. जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात ते रुळावर पहिल्यांदा धावणार होते, पण त्याआधीच मामा गेला. घरच्या चाचणीत करवंट्या घालून आग सांभाळणारी मामीच मग चालवायला बसली आणि तिच्यामागे पाटाएवढ्या डब्यावर मी. गावच्या वयस्कर मानकऱ्याने नारळ धरून गाऱ्हाणे घातले, “बा देवा म्हाराजा, जेना ह्या इंजिन केल्यान तो आज नाय, तेची गाडी सुखरूप चलानदे रे म्हाराजा!” एरवी सगळे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, पण त्या दिवशी कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना. तेव्हा मामीने शिट्टीची साखळी ओढली, बराच वेळ धरून ठेवली, आणि गाडी हलली. अजूनही कुठे गाऱ्हाणे झाले की मी त्या शिट्टीची वाट पाहतो.