तोंडानं वाजवून दाखवा

कामशेतच्या अलीकडे, जुन्या हायवेला लागून निवृत्ती आबांचं गॅरेज आहे. तिथं गाडी घेऊन गेलेल्या माणसाला आधी चहा मिळतो आणि मग त्याची परीक्षा होते. "आवाज येतोय" एवढं सांगून भागत नाही. आबा स्टुलावर बसतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "तोंडानं वाजवून दाखवा."

मग तळेगावचे डॉक्टर, लोणावळ्याचे बंगलेवाले, शाळेच्या मुख्याध्यापिका रेणुकाबाई, सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहून "घर्रर्र", "खुळुक खुळुक", "चुंईऽऽ" असे आवाज काढतात. रेणुकाबाईंनी एकदा फॅनबेल्ट इतका हुबेहूब वाजवला, की शेजारच्या वडापावच्या गाडीखाली झोपलेलं कुत्रं उठून भुंकायला लागलं. आबा डोळे उघडायचे, एखादाच शब्द बोलायचे, "बेरिंग." आणि चाक काढलं की ते बेरिंगच निघायचं.

ही विद्या देहूरोडची. लष्कराच्या डेपोत आबांनी तेहतीस वर्षं फिटर म्हणून काढली. बेगडेवाडीला खोली, सायकलवर डबा आणि डोक्यावर भिकाजी उस्ताद. उस्ताद नव्या पोरांना फाटकाकडे पाठ करून उभं करायचा आणि मागून गाडी आली की विचारायचा, "कोण आलं?" नुसतं "ट्रक" म्हणून चालायचं नाही. कुठला ट्रक, भरलेला की रिकामा, आणि त्याला काय दुखतंय, हे सगळं सांगावं लागायचं. चुकला तो संध्याकाळपर्यंत ग्रीस पुसायचा. आबांनी पहिलं वर्षभर ग्रीस पुसलं. दुसऱ्या वर्षी ते पाठमोऱ्यानंच सांगायला लागले, "अकरा नंबरची जोंगा जीप. स्प्रिंगचा डावा पाटा तुटतोय." उस्ताद वळून बघायचा आणि विडी पुढं करायचा. त्या विडीएवढं मोठं बक्षीस आबांना पुढं कुणी दिलं नाही. निरोप समारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळही त्यापुढं लहानच.

तेव्हाच्या गाड्यांना स्वतःचा गळा होता, असं आबा अजून म्हणतात. खंडाळ्याचा घाट चढताना प्रत्येकीचं रडणं वेगळं. आता मुंबईची माणसं भुशी धरणावर भिजायला येतात, चढावर क्लच जाळतात आणि गाडी जळाली तरी तिच्यातून गाणीच ऐकू येतात.

पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती फक्त आबांना ठाऊक होती. मागच्या दिवाळीत एक गाडी वळवताना त्यांच्या लक्षात आलं, की इंडिकेटर लागलाय पण टिकटिक नाही. नवी गाडी आहे, नसेल वाजत, असं त्यांनी मनाशी म्हटलं. मग दुसरी गाडी वाजली नाही. तिसरीही नाही. चौथी त्यांची स्वतःचीच होती, वीस वर्षं जुनी, आणि ती कशी वाजते हे त्यांना पाठ होतं. बारीक आवाज कानातून निघून गेले होते, न सांगता, न विचारता.

आबांनी हे कुणाला सांगितलं नाही. ज्याच्या कानावर पंचक्रोशीतल्या गाड्या चालतात, त्यानं कान गेल्याचं सांगायचं कुणाला? लेकीला तर नाहीच. तेजल डिप्लोमा करून पाच वर्षं चाकणच्या कारखान्यात होती. ती नोकरी सोडून तिनं गॅरेजात लिफ्ट बसवली, पाटी रंगवली आणि आबांना एकच काम ठेवलं: गाडीची ट्रायल घ्यायची आणि ऐकायचं. तेही गेलं, तर उरलं काय? चहा पाजणं.

अशात गंधार आला. तळेगावचा, हिंजवडीत कंपनीत कामाला, आणि लाल गाडीवर स्वतःच्या लग्नापेक्षा जास्त खर्च केलेला. दोन आठवड्यांपूर्वी तेजलनं त्याला वर-खाली करता येणारं सस्पेन्शन बसवून दिलं होतं. स्प्रिंगखालची चकती फिरवली की गाडी हवी तेवढी खाली बसते. गाडी दोन बोटं खाली बसल्यावर त्यानं सगळ्या बाजूंनी फोटो काढले होते.

"गाडी खाली कशाला करायची?" आबांनी तेव्हा विचारलं होतं. "आमच्या मावळात रस्ताच वर येतो की."

आता गंधार हिरमुसून उभा होता. "तेजलताई, स्पीडब्रेकरवर आवाज येतोय."

"तोंडानं वाजवून दाखवा," आबा म्हणाले.

गंधारनं इकडंतिकडं बघितलं. "कुईंऽऽ... टक्."

"लाजू नका. पुन्हा."

"कुईंऽऽऽ टक्!"

आबांनी मान डोलावली. त्यांना फक्त टक् ऐकू आलं होतं.

तेजलनं गाडी लिफ्टवर घेतली. चकत्यांचे लॉक बघितले, वरचे नट बघितले, लिंक रॉड हलवून बघितला. सगळं घट्ट. "आबा, चला, एक चक्कर मारू. तुम्ही ऐका."

मळवलीपर्यंत सात स्पीडब्रेकर लागतात. तेजल प्रत्येकावर गाडी मुंगीच्या पावलांनी चढवत होती. आबा खिडकीत कान देऊन बसले होते. त्यांना वारा ऐकू येत होता, लांबचा मालगाडीचा भोंगा ऐकू येत होता. गाडी मात्र गप्प होती.

"कुठून येतोय?" तेजलनं विचारलं.

बोलताना तिची नजर डावीकडं गेली. आबांनी ती पकडली.

"डाव्या अंगानं," ते ठासून म्हणाले.

एवढं एक वाक्य. त्यावर तेजलनं अर्धा दिवस घातला. डावीकडचं सगळं उतरवलं, पुसलं, परत बसवलं. दुसऱ्या दिवशी गंधार गाडी घेऊन गेला आणि अर्ध्या तासात परत आला.

"तसाच येतोय, ताई. मी जरा स्पष्टच बोलतो, रागावू नका. पुण्यातल्या दुकानात नेऊन हे काढून टाकतो. ते म्हणाले, की असलं काम गावाकडं करायला द्यायचंच नव्हतं."

 तेजलनं हातातला पाना इतक्या हळू खाली ठेवला, की आबांना मान खाली घालावी लागली. गावाकडचं काम तिचं होतं, पण डावं अंग त्यांनी सांगितलं होतं.

"साहेब," आबा उठले, "एक तास द्या. गाडी खड्ड्यावर घ्या."

"खड्डा कशाला? लिफ्ट आहे ना," तेजल म्हणाली.

"लिफ्टवर गाडी लटकती. मला उभी गाडी बघायची हाये."

तो खड्डा आबांनी स्वतः खणलेला. लिफ्ट आल्यापासून त्यात जुने टायर पडून होते. तिघांनी मिळून टायर काढले. गाडी वर आली, चार चाकांवर उभी. आबा खाली उतरले. "साहेब, बॉनेटपाशी उभं राहा आणि गाडी दाबून सोडा. म्हशीवर बसत्यात तशी न्हाई, सायकलवर बसत्यात तशी."

गंधार दाबत राहिला. आबा एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेले. डावीकडं थोडं काहीतरी होतं. उजवीकडं चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या मुळाशी, बोल्टाभोवतीच्या रबरावर हात ठेवला, आणि माशी बसल्यावर जनावराचं कातडं थरथरतं तसं काहीतरी तळव्याखाली ताणलं गेलं, थरथरलं आणि सुटलं.

"आत्ता वाजलं?" त्यांनी खालून विचारलं.

"हो," दोघं एकदम म्हणाले.

आबा तसेच उकिडवे बसून राहिले. त्यांना भिकाजी उस्तादाचा खरखरीत आवाज आठवला, जड गाडीचे पाटे बसवताना दिवसातून दहादा ऐकलेला: गाडीला आधी उभी राहू दे, मग आवळ.

"तेजल, हे बोल्ट कवा आवळलेस?"

"लिफ्टवर. सस्पेन्शन बसवायच्या व्हिडिओत तसंच होतं."

"चाकं लोंबकळत हुती तवा. मग गाडी खाली आली, दोन बोटं आणखी खाली बसली, आन् हे रबर पिळलं. रातंदिस पिळलेलंच हाये ते. ओरडंल न्हाई तर काय करंल?"

तेजल खड्ड्यात उतरली. तिनं बोल्ट सैल केला, तसं रबर ठुक् करून आपल्या जागी आलं. दोन्ही बाजू सैल केल्या, गाडी चारदा हलवली आणि उभ्या वजनावरच आवळल्या. गंधार चक्कर मारून आला तो हसतच. आता खालून एक फोटो काढू का, असं विचारायला लागला.

तो गेल्यावर तेजल म्हणाली, "आबा, उजवीकडचा आवाज होता. काल तुम्ही डावीकडून म्हणालात."

तो विषय चहावर नेता आला असता. आबांनी कपाला हात लावला आणि काढून घेतला.

"मला ऐकूच आलं न्हवतं. तू तिकडं बघितलंस, म्हणून म्हणालो."

"म्हणजे?"

"बारीक आवाज येत न्हाईत. दिवाळीपासनं."

आबांना वाटलं होतं, ती गळ्यात पडेल, नाहीतर डॉक्टरचं नाव काढेल. पण ती मेकॅनिक होती. तिनं विचारलं, "दिवाळीपासून नुसतं ऐकून किती गाड्या ठीक आहेत म्हणून सोडल्या?"

आबांनी बोटांवर मोजलं. "तीन. नथू टेम्पोवाला. तळेगावचे ते दातांचे डॉक्टर. आन् रेणुकाबाई. त्यांच्या पुढच्या चाकाचं बेरिंग."

"त्या रोज घाट चढून शाळेत जातात, आबा."

"व्हय."

"फोन लावा."

"तू लाव की."

"गाड्या तुमच्या शब्दावर सोडल्यात."

आबांनी चष्मा लावून नंबर शोधला. रेणुकाबाईंनी फोन उचलला, तसे ते खड्ड्याच्या काठावर उभे राहून अख्ख्या हायवेला ऐकू जाईल असं ओरडले, "बाई, निवृत्ती बोलतोय! गाडी चालवू नका, आमी न्यायला येतो. त्या दिवशी ठीक हाये म्हणालो, पण मी ऐकलंच न्हवतं. मला ऐकू येत न्हाई!"

वडापाववाल्यानं कढईवरून मान वर केली. पलीकडून रेणुकाबाई बोलायला लागल्या, आणि छत्तीस वर्षं वर्ग गप्प केलेला तो आवाज आबांना शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आला. ते पाच मिनिटं "व्हय बाई, व्हय बाई" करत होते.

मग कपाळाचा घाम पुसून त्यांनी नथूचा नंबर काढला.